बापटांची रेघ

संध्याकाळी आमच्या गच्चीवरून अंतराळ स्थानक दिसणार होतं. शेजारच्या बापटांनी तांदळाच्या डब्यात मोबाइल तिरका खोचला, मिनिटभर चालणाऱ्या फोटोचं बटण दाबलं आणि हात मागे बांधून ते आकाशाकडे बघत राहिले. माझी बायकोही कठड्याशी उभी राहून वर बघत होती. मी मात्र नवा कॅमेरा घेऊन स्थानकामागे फिरत होतो, लग्नात नवरीमागे व्हिडिओवाला फिरतो तसा.

बापटांच्या फोटोत पाण्याच्या टाकीवरून गेलेली लखलखीत रेघ आली. माझ्या फोटोत स्थानकाचा बारीक ठिपका, आणि टाकीच धावत सुटलेली.

"अहो, तुम्ही टाकीचा काढलात का?" बायकोनं विचारलं. मग बापटांना म्हणाली, "भाऊजी, तुमचा पाठवा हं. हॉलमध्ये लावते."

मी जळलो. वास्तविक ती रेघ बापटांनी काढलीच नव्हती. जाणारं स्थानक ती काढून गेलं, हे नुसते जागा देऊन उभे होते. काही माणसांना असं स्वस्थ उभं राहता येतं. मी जे आवडेल त्याच्यामागे धावतो आणि हाती ठिपका येतो.

"पण ते दिसत होतं कसं?" मी हळूच विचारलं. मी सगळा वेळ कॅमेऱ्याच्या पडद्याकडेच बघत होतो.

बापट सांगू लागले. "थांबा भाऊजी, मी सांगते," म्हणत बायकोनं हात आकाशभर फिरवला.

आता मला तिचाही हेवा वाटू लागला.