वहिनींचा जर्मन

आमच्या वहिनी चहाच्या सुट्टीत कामगारांना एका जर्मन कारखानदाराचं चरित्र वाचून दाखवायच्या. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा गाळा, पंपांच्या बॉडी बनवायचं काम, आणि पोलादाचे कारखाने उभारणारा एकोणिसाव्या शतकातला तो माणूस! बाप गेला तेव्हा पोरवयातच बुडायला आलेला कारखाना त्याच्या गळ्यात पडला. "माझं बरं," वहिनी म्हणायच्या, "माझ्या गळ्यात चाळिशीला पडला."

दादा गेल्यावर गाळा विका, असं मीच सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. उलट मलाच देखरेखीला ठेवलं.

जर्मनावर त्यांचा जीव होता, पण डोळे उघडे ठेवून. खंडेनवमीला यंत्रांची पूजा करताना त्याचाही फोटो मांडायच्या, हार मात्र घालायच्या नाहीत.

"बाई, त्याला का नाय हार?" लेथवरच्या डॉमनिकनं एकदा विचारलं.

"कामगारांना घरं दिली रे त्यानं, पण तोंड उघडू दिलं नाही. घरं द्यायची आपली ऐपत नाही. तोंडं तरी उघडी राहू देत."

"मग साहेबांचं कधी उघडणार?"

सगळे माझ्याकडे बघून हसले. मी मुळातच कमी बोलणारा. पुढचंही इतकी वर्षं गाळ्याबाहेर कुणाला सांगितलं नाही.

एका मोठ्या गिऱ्हाइकाची पहिली ऑर्डर होती. ती हुकली तर गाळ्याला कुलूप, हे सगळ्यांना माहीत. माल टेम्पोत भरताना काही बॉडींच्या आत बारीक भोकं निघाली. मी डॉमनिकला म्हटलं, भोकांत पुट्टी भर आणि वरून रंग मार. तो नको म्हणाला, तसा मी खेकसलो, "सांगितलं तेवढं कर!"

तो तडक वहिनींकडे गेला. "बाई, आत भोकं हायत. पाण्याच्या दाबानं फुटतील. साहेब बोलतात, भरून टाक."

वहिनींनी भरलेला टेम्पो रिकामा करायला लावला. माझ्यावर आवाज चढवला नाही. "भावोजी, गिऱ्हाइकाला फोन तुम्ही करा. झालं ते सगळं सांगा."

"वहिनी, ऑर्डर जाईल."

"जाऊ दे. गाळा विकायची तुमची तयारी होतीच की!"

मी फोन केला. पलीकडच्या माणसानं किती बॉडी खराब आहेत ते विचारलं. मग म्हणाला, "नवीन बनवून द्या. थांबतो आम्ही."

गाळा वाचला. मी सुटकेचा निःश्वास टाकतोय, तोच वहिनी म्हणाल्या, "आता डॉमनिकला सांगा. सगळ्यांसमोर."

यंत्रं बंद झाली. "तू बरोबर होतास, माझं चुकलं," मी म्हणालो. डॉमनिक हात पुसत म्हणाला, "बोला साहेब, अजून बोला. टाइम आहे आपल्याकडे."

त्या जर्मनाला एवढ्या मोठ्या कारखान्यात जमलं नाही, ते आमच्या वहिनींनी एका गाळ्यात करून दाखवलं. त्या गेल्या, गाळा जोरात चालू आहे. परवा माल तपासणाऱ्या आमच्या नव्या बाईंनी मी पाठवलेला टेम्पो फाटकात अडवला. ड्रायव्हर चिडून माझ्याकडे बघायला लागला.

"थांब," मी म्हणालो, "बाई काय म्हणतात ते आधी ऐकू."