फटाक्यांच्या पुड्यावरची सोळा पाने

दुसरे महायुद्ध संपले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात धाराशिवच्या बाजारपेठेतील एका तेल-पेंडीच्या व्यापाऱ्याने मराठी गोष्टींचे एक पुस्तक प्रकाशित केले. सरकारी कागदावर गावाचे नाव उस्मानाबाद होते. बाजारात धाराशिवच म्हणत. पुस्तकात सात गोष्टी होत्या. त्या मी लिहिल्या होत्या. त्या वेळी मी शाळेत खालच्या वर्गांना मराठी शिकवत होतो. वर्तमानपत्रात नोकरी मी नंतर धरली.

दुकान दोघा भावांचे होते. धाकट्याला सगळे आप्पा म्हणत, थोरल्याला अण्णा. घर लिंगायतांचे, गळ्यात लिंग, घरात कानडी, गल्ल्यावर मराठी, कचेरीत उर्दू. गिऱ्हाइकाला कळू नये असे काही बोलायचे झाले की भाऊ कानडीत बोलत. पेठेतल्या निम्म्या लोकांना कानडी येत होती, त्यामुळे त्याचा उपयोग होत नसे.

प्रकाशनाची कल्पना आप्पांची. सोलापुराहून किंवा पुण्याहून एखादे मराठी पुस्तक गावात आले की ते घरोघर फिरे आणि मालकाकडे परत येई तेव्हा त्याला कव्हर नसे, कधी शेवटची पानेही नसत. आप्पांनी हे पाहिले होते.

"मास्तर, माल फाटंस्तोवर वापरतेत लोक," ते मला म्हणाले. "आन् हितं कुनी इकत न्हाय. असा बाजार मला दुसरा दावा."

लेखकाला काय मिळणार तेही त्यांनी त्याच दिवशी सांगितले. पुस्तक खपले तर वाटा, न खपले तर चहा.

अण्णांचा विरोध पुस्तकाला नव्हता, फळीला होता. गल्ल्यासमोरची मधली फळी दुकानातली सर्वांत चांगली जागा. आत पाऊल टाकले की नजर तिथेच जाई. तिथे साबण आणि काडेपेट्या असत. आप्पांनी त्या खालच्या फळीवर नेल्या आणि मधली फळी पुसून ठेवली. अण्णा "ब्याड, ब्याड" म्हणाले. कानडीत याचा अर्थ नको, नको. शेवटी त्यांनी मुदत दिली. येडशीजवळच्या रामलिंगाला श्रावणात यात्रा भरते. यात्रेपर्यंत फळी रिकामी झाली तर ती कायमची पुस्तकांची. नाही झाली तर साबण परत वर आणि प्रकाशनाचा विषय पुन्हा घरात काढायचा नाही. आप्पांनी मान्य केले. दुसऱ्या पुस्तकाचा विचार त्यांच्या डोक्यात तेव्हाच होता; तो त्यांनी भावाला सांगितला नाही, मला सांगितला.

छपाई सोलापूरला केली. सोलापूर इंग्रजी हद्दीत, धाराशिव निजामाच्या. मराठी टाइप, तो जुळवणारे मराठी जुळारी आणि मराठी मुद्रिते तपासणारा माणूस तिकडे सहज मिळे. कागद मात्र दोन्हीकडे सहज मिळत नव्हता. युद्धातली टंचाई युद्धाबरोबर संपली नव्हती. छापखान्याने कागद जमवला तो दोन रंगांचा निघाला. पहिल्या निम्म्या पुस्तकाचा पांढरा, पुढच्याचा पिवळसर. आप्पा म्हणाले, ज्वारीतही असेच असते.

तुळजापूरच्या रस्त्यावर तामलवाडीच्या बाजूला हद्दीचा करोडगिरी नाका होता. आत येणारा माल तिथे तपासून त्यावर करोडगिरी, म्हणजे जकात, घेतली जाई. धान्याच्या व्यापारात माल येण्याआधी वानगी दाखवायची पद्धत आहे. मूठभर दाणे हातात द्यायचे, पसंत पडले तर पोती आणायची. आप्पांनी पुस्तकाच्या बाबतीतही तेच केले. पुस्तके शिवायला टाकण्याआधी एक प्रत कच्ची बांधून घेतली आणि आम्ही दोघे ती घेऊन नाक्यावर गेलो.

नाक्यावरचा अंमलदार वयस्कर होता. त्याने पुस्तक मागून पुढे चाळले, मग पुढून मागे. मग पहिल्या पानावर बोट ठेवले.

"मास्टर साब, किताब तो भौत अच्छी है. पन छपी किदर? आसमान से गिरी क्या?"

त्या पानावर पुस्तकाचे नाव होते, माझे होते, आप्पांचे होते. आप्पांचे सर्वांत मोठ्या टाइपात होते. छापखान्याचे नाव कुठेच नव्हते. छापणाऱ्याचे नाव नसलेले पुस्तक आत सोडायचे नाही, असा त्याला हुकूम होता. त्याने आम्हाला पाणी दिले आणि परत पाठवले.

पुस्तक छापताना मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना मिळून सोळा पाने छापतात आणि नंतर कागदाला घड्या घालतात. अशा एका कागदाला छापखान्यात फॉर्म म्हणतात. पुस्तकाचा पहिला फॉर्म पुन्हा छापावा लागला. चुकलेल्या फॉर्मची थप्पी छापखान्यातच टाकून यायला आप्पा तयार झाले नाहीत. कागद आपला आहे, असे त्यांचे म्हणणे. तयार पुस्तकांबरोबर ती थप्पीही तामलवाडीवरून धाराशिवला आली. अंमलदाराने नव्या पहिल्या पानावर छापखान्याचे नाव वाचले आणि गाडी सोडली. एक प्रत त्याने मागून घेतली. आप्पांनी ती करोडगिरीत धरली.

पुस्तके चैत्रात फळीवर लागली. पुढच्या काही आठवड्यांत जे घडले ते पुस्तक काढणाऱ्या कोणालाही नवे वाटणार नाही. माझ्या ओळखीचे सर्व लोक दुकानात आले आणि कोणीही पुस्तक विकत घेतले नाही. शाळेतल्या सहकाऱ्यांनी सही करून प्रती मागितल्या. एक नातेवाईक दुकानात उभ्याने दोन गोष्टी वाचून गेले आणि उरलेल्यांसाठी दुसऱ्या दिवशी आले. एका गिऱ्हाइकाने गोड्या तेलाच्या डब्यावर पुस्तक फुकट आहे का, असे विचारले. नाही म्हटल्यावर पुस्तकावर तेल फुकट आहे का, असे विचारले.

अण्णा खालच्या फळीवरचा साबण काढायला दरवेळी मुद्दाम मोठ्याने कण्हत वाकत.

"काय अण्णा, कंबर धरली का?" आप्पा विचारत.

"कंबर न्हाय रं. साहित्य आडवं येतंय."

वैशाखात तेरखेड्याचा एक फटाकेवाला तेल न्यायला आला. फटाक्यांना कागद लागतो, आणि त्या दिवसांत रद्दीसुद्धा मिळत नव्हती. त्याची नजर चुकलेल्या फॉर्मच्या थप्पीवर गेली. आप्पा त्या दिवशी बार्शीला गेले होते. अण्णांनी थप्पी त्याच्या गाडीत टाकली. आप्पा परत आल्यावर अण्णा म्हणाले, "तुझं साहित्य खपाया लागलं बघ. गाडीभर गेलं." आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत, असे मला त्यांच्या घरून कळले.

आठ-दहा दिवसांनी फटाकेवाला परत आला. मी दुकानात होतो. तो अण्णांसमोर उभा राहिला.

"शेट, उरलेली रद्दी द्या."

"हुती तेवढी दिली की."

"आवो न्हाय. पुढली. सोळा पानापुढली."

त्याच्याकडे फटाक्यांच्या नळ्या वळायला बाया असत. त्यांतली एक बार्शीकडून सून म्हणून आलेली, चार इयत्ता शिकलेली. कागद कापायच्या आधी ती तो वाचून दाखवी आणि बाकीच्या ऐकत ऐकत नळ्या वळत. पहिल्या फॉर्ममध्ये माझी पहिली गोष्ट होती. तीत एक वरात रस्ता चुकून भलत्याच गावात शिरते. त्या गावातही त्या दिवशी लग्न असते, म्हणून गावकरी वरातीला मानाने उतरवून घेतात, जेवू घालतात, नवरदेवाला बोहल्यावर चढवतात. सोळावे पान असे संपत होते: "अंतरपाट धरला, तेवढ्यात वेशीवरून दुसरा वाजा ऐकू आला आणि"

"आन् काय?" फटाकेवाला म्हणाला. "बाया काम करीनात शेट. निम्म्या म्हंत्यात पोरगी त्यालाच द्यावी, निम्म्या म्हंत्यात न्हाय. दारूच्या कामात भांडनं बरी न्हाईत. द्या पुढली रद्दी."

"ती रद्दी न्हाय," आप्पा आतून म्हणाले. "पुस्तक हाय."

"मग पुस्तक द्या."

ही पहिली प्रत, जी लेखकाला न ओळखणाऱ्या माणसाने विकत घेतली.

जाता जाता त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. छापील असले तरी कागद चांगला, जाड होता. तो सगळा नळ्यांत घालवणे त्याच्या जिवावर आले. निम्म्याहून अधिक ताव त्याने अख्खेच ठेवले आणि लग्नसराईच्या फटाक्यांचे मोठे पुडे त्यांत बांधले. पुडे गावोगाव गेले होते. आप्पांनी कोणकोणत्या गावांत, ते विचारून घेतले.

ज्येष्ठात येडशीजवळच्या एका गावात लग्न होते. मुलीचे वडील आप्पांचे जुने गिऱ्हाईक. आप्पा मला बरोबर घेऊन गेले. वरात यायला वेळ होता. मांडवाच्या एका कोपऱ्यात मुलीचे आजोबा फटाक्याचा सुटलेला पुडा मांडीवर पसरून बसले होते. फॉर्म उलगडला की पाने क्रमाने येत नाहीत. काही सुलटी, काही उलटी, पहिल्या पानाशेजारी सोळावे. आजोबा कागद फिरवत होते, पालथा घालत होते, आकडा शोधून पुढचे पान लावत होते. भोवती आठ-दहा माणसे बसली होती. फटाके जमिनीवर पडले होते, तिकडे कोणाचे लक्ष नव्हते.

आजोबा "आणि" पर्यंत आले आणि थांबले. त्यांनी कागद पुन्हा उलटला.

"फुडं?" कोणीतरी विचारले.

"फुडं फटाकं बांधल्यात."

मांडवात एकच हशा झाला. तेवढ्यात आप्पांनी माझ्याकडे बोट दाखवले. "हे मास्तर. ह्यांनीच लिवलंय ते."

सगळे माझ्याकडे वळले. आजोबांनी कागद बाजूला ठेवला.

"व्हय का? मग सांगा मास्तर, पोरगी कुनाला दिली?"

मी तोंड उघडले. आप्पांनी माझा दंड धरला. "मास्तर, एक शबूद बोलायचा न्हाय," ते म्हणाले, आणि मग आजोबांकडे वळून, "बाबा, ही वानगी झाली. माल दुकानात हाय."

"आरं, लग्नाच्या मांडवात धंदा करतो व्हय रं?" आजोबा म्हणाले. पण ते हसत होते. वरातीचा वाजा वेशीवर ऐकू आला तेव्हा दोन तरुण उठून धावत गेले आणि वरात आपलीच आहे ना, याची खात्री करून आले. नवरदेवाला हे कोणी सांगितले नव्हते. त्याचे नाव, गाव आणि मामाचे नाव विचारले गेले तेव्हा तो गोंधळला.

त्यानंतर लोक दुकानात येऊ लागले. पुस्तकाचे नाव कोणी घेत नसे. "वरातीचं द्या" म्हणत. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून माणसे येत. ज्यांना वाचता येत नव्हते तेही येत, कारण गावात वाचणारा एक असला तरी पुरत होते. काहींच्या हातात घडी घातलेला फटाक्याचा कागद असे, दारूच्या वासासकट. अशा एका शेतकऱ्याने गल्ल्यावर कागद ठेवला.

"पैली सोळा पानं आमच्याकडं हायत. तेवढी कापून घ्या आन् भाव कमी करा."

 उत्तर अण्णांनी दिले.

"दाजी, वानगीचं दानं आमी कवा परत घेतो का? मग वानगी पोत्यात बी धरायची नसती. पुस्तक अख्खं घ्यायचं."

व्यापारातला नियम होता आणि शेतकऱ्याला ठाऊक होता. त्याने पुस्तक अख्खे घेतले. आप्पा भावाकडे पाहत राहिले. अण्णा साबण काढायला वाकले. त्या दिवशी ते कण्हले नाहीत.

आषाढात पेठेतल्या दुसऱ्या एका दुकानदाराने विकायला प्रती मागितल्या. कापडवाल्याने आहेरात द्यायला घेतल्या. पिवळसर कागदाबद्दल तक्रार आली नाही. पुस्तकातल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल आली: ती वरातीच्या गोष्टीइतकी चांगली नाही, असे तिघांनी मला तोंडावर सांगितले. तिसरीचा विषय कोणी काढलाच नाही.

रामलिंगाच्या यात्रेला आप्पा उरलेली पुस्तके घेऊन गेले. झाडाखाली पोते अंथरले आणि त्यावर प्रती मांडल्या. मी शेजारी बसलो होतो. आप्पांनी कुठूनतरी एक जुना, चुरगळलेला फॉर्म मिळवून तो झाडाला बांधला होता. लोक मान वाकडी करून तो वाचत आणि "आणि" शी येऊन खाली पाहत. परतीच्या वाटेवर पोते रिकामे होते.

अण्णा दुकानात होते. मधल्या फळीवर काही नव्हते. अण्णांनी तिच्यावरून हात फिरवला.

"रिकामी झाली," आप्पा म्हणाले.

"दिसतंय मला."

"मग?"

अण्णांनी साबणाची एक वडी उचलली. आप्पांचा चेहरा पडला. अण्णांनी त्या वडीने आपले हात धुतले, पुसले, आणि विचारले, "दुसऱ्या खेपंला कागद कुठनं आनायचा?"

दिवाळीआधी दुसरी आवृत्ती निघाली. सोलापूरच्या छापखान्यात या वेळी अण्णा स्वतः गेले. छापखान्याच्या मालकाला त्यांनी पहिला फॉर्म जास्तीचा छापायला सांगितला, हलक्या खाकी कागदावर. मालकाने कारण विचारले. अण्णांनी सांगितले. मालकाचा विश्वास बसला नाही, पण त्याने छापून दिले. पांढऱ्या आणि खाकी, दोन्ही कागदांवर छापखान्याचे नाव होते. तामलवाडीच्या नाक्यावर त्याच अंमलदाराने ते वाचले. आपल्या प्रतीतली वरातीची गोष्ट त्याने एव्हाना वाचून काढली होती आणि पोरगी योग्य घरी पडली, असे त्याचे मत होते.

पुस्तके मधल्या फळीवर लागली. खाकी कागदांची थप्पी बैलगाडीतून तेरखेड्याला फटाकेवाल्याकडे गेली. गाडीत, थप्पीवर, अण्णा बसले होते.