तिसऱ्या लेव्हलच्या पुढे नाही

तो लिफ्ट दुरुस्त करायचा, पण आम्ही त्याला मास्तर म्हणायचो, कारण रविवारी दुपारी स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत तो गोष्ट चालवायचा. खेळ साधा आहे. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार. प्रत्येकाच्या कागदावर त्याच्या माणसाची ताकद लिहिलेली असते आणि एखादी गोष्ट जमली की फसली हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. संकटांतून वाचत गेलं की लेव्हल वाढते. पहिल्या लेव्हलला घूससुद्धा जीव घेते. विसाव्या लेव्हलला माणूस उडतो, मेलेल्यांना उठवतो, राजे त्याच्यापुढे चळाचळा कापतात.

मास्तरकडे कोणी तिसरीच्या पुढे गेलं नाही. चौथी जवळ आली की तो म्हणायचा, "तुझ्या माणसाला आता बरे दिवस आले. घर बांधलंय, सुखात आहे. सुखी माणसाचं आपल्याकडे काय काम? नवा कागद घे." आणि मेला तो मेला. कागद ज्याचा त्यानं स्वतःच्या हातानं फाडायचा, असा तिथला कायदा होता.

आठवडाभर हा माणूस लिफ्टच्या खड्ड्यात उतरून, डोक्यावर लटकलेल्या डब्याखाली काम करायचा. त्यामुळे त्याच्या गोष्टीत दोर कुठे बांधला, कंदिलात तेल किती उरलं, याला फार किंमत. एक साधा खड्डा ओलांडायला आमची अख्खी दुपार जायची, आणि पलीकडे पोचल्यावर आमच्यातले दातांचे डॉक्टर, चांगले पोक्त गृहस्थ, खुर्चीवर चढून ओरडायचे. बाहेर मास्तरला कोणी विचारत नव्हतं. लिफ्ट चालू असली की लोक त्याच्याकडे बघत नसत आणि बंद पडली की शिव्या घालत. इथे मात्र त्यानं आवाज खाली आणला की चार माणसं श्वास रोखून बसायची. त्याच्याजवळ तेवढंच होतं.

त्या चारांत सुरुवातीला वहिनी, म्हणजे मास्तरची बायको, पण होत्या. त्यांची एक वैद्यीण होती, तोंडानं फटकळ, आणि तिच्या तोंडून वहिनी असं काही बोलून जायच्या की आम्ही बघतच राहायचो. एकदा विहिरीच्या काठावर त्यांचा फासा वाईट पडला.

"पडली," मास्तर म्हणाला. "वाचली नाही."

"अहो, असं काय करता? तिच्याकडे दोर होता."

"बांधलाय असं म्हणाली नव्हतीस."

वहिनींनी कागद फाडला, तुकडे वेचून कचऱ्यात टाकले. पुढच्या रविवारपासून त्यांना नेमकं दुपारीच स्वयंपाकघरात काम निघायला लागलं. मास्तरला वाटलं, कंटाळली असेल.

मग धुसफूस सुरू झाली ती आमच्यातच खेळणाऱ्या त्याच्या मेव्हण्याची. त्याचं मोबाइलचं दुकान आहे. "भाऊजी, दिवसभर मी गिऱ्हाइकांच्या शिव्या खातो," तो म्हणायचा. "इथेही घुशीला घाबरू? एकदा तरी उडू द्या की."

"उडणाऱ्याला पायाखालचं काय दिसणार?"

"तेच तर हवंय. नकोच दिसायला!"

डॉक्टर हसले, पण मला वाटतं त्यांनाही ते पटलं होतं.

अखेर मेव्हण्याचा योद्धा मेला, तो एका कुत्र्याच्या चाव्यानं. जखम बांधायची राहून गेली होती.

"कुत्र्यानं?" मेव्हणा उभाच राहिला. "ड्रॅगन राहू द्या, निदान लांडगा तरी आणायचा! झालं, संपलं. पुढच्या रविवारपासून माझ्याकडे या सगळे. मी चालवतो, विसाव्या लेव्हलपासून."

त्यानं आमच्याकडे पाहिलं. नाही, असं कोणीच म्हणालं नाही. डॉक्टरांनी तर पत्ताही विचारला. मेव्हण्यानं कागद फाडायला हातात घेतला.

"थांब," मास्तर म्हणाला. "फाडू नकोस."

मग त्यानं गोष्टीत रस्त्यावरून एक म्हातारी आणली. तिच्याजवळ कुठलंसं औषध होतं. योद्धा उठून बसला, आणि त्या औषधाच्या गुणानं सगळे एकदम दहाव्या लेव्हलला गेले. मेव्हण्यानं टाळ्या पिटल्या. तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन वहिनी दारात उभ्या असलेल्या दिसल्या.

"मेलेले उठतात होय आता?"

"अगं, ते जरा..."

"माझ्या वेळी 'थांब' म्हणायला तोंड उघडलं नव्हतं तुम्ही." ट्रे टेबलावर ठेवून त्या आत गेल्या. दार त्यांनी आपटलं नाही, नुसतं लोटून घेतलं. तरी मास्तर बराच वेळ तिकडेच बघत होता.

त्यानंतरचे रविवार कसेबसे गेले. मास्तर जुन्या सवयीनं खड्डे खणायचा, आम्ही वरून उडून जायचो. त्यानं दरोडेखोर आणले, ते फुंकरीसरशी गेले. कोणी मेलंच तर म्हातारी होतीच. डॉक्टर मधेच फोनवर क्रिकेटचा स्कोअर बघू लागले. हे त्यानं पाहिलं आणि म्हातारी मेली असं जाहीर केलं. त्यावर मेव्हणा म्हणाला, "मग आम्हीच तिला उठवतो की. दहावी लेव्हल आहे आमची, जमतं आम्हाला." नियमांच्या पुस्तकात ते खरंच होतं.

बस्तान मेव्हण्याकडे हललं. पहिल्या रविवारी मास्तरही आला, वहिनींनी "जा, घरात बसून काय करणार?" म्हटलं म्हणून. मेव्हण्यानं त्याच्यासाठी विसाव्या लेव्हलचा जादूगार तयारच ठेवला होता. समोर दरी होती. मास्तर पुढे वाकला. "पलीकडे झाड आहे का? दोर किती लांब आहे आपल्याकडे?"

"भाऊजी, अहो उडा ना!"

सगळे हसले, डॉक्टर सगळ्यात मोठ्यानं. मास्तरनं फासा उचलला.

"ठेवा तो," मेव्हणा म्हणाला. "उडायला फासा लागत नाही तुम्हाला."

"बरं," मास्तर म्हणाला. "उडालो."

मेव्हणा लगेच पलीकडच्या राजवाड्याचं वर्णन करायला लागला. मास्तर मान हलवत ऐकत राहिला. नंतरच्या रविवारपासून त्यानं लिफ्टच्या कंपनीतून रविवारची ड्यूटी मागून घेतली.