मंगळवारचा धक्का

अख्ख्या पनवेलमध्ये जमिनीचं ऐकून घेणारा माणूस एकच, माझ्या ताईचे सासरे! बाकी सगळे जमिनीचा भाव विचारणारे. काका सरकारी भूकंपमापन केंद्रात आलेख वाचतात आणि नोकरी घरीही आणतात. करंजाड्याच्या घरात कपबशी थरथरली की सगळ्यांनी बोलणं थांबवायचं, काका घड्याळ बघून निकाल देणार, "हायवेवरचा ट्रेलर." ताईच्या हळदीला बँजोवर सगळे बेभान नाचत होते, तेव्हा हे फरशीला कान लावून आडवे! "नवऱ्याकडची मंडळी ताल सोडतायत," उठून म्हणाले. स्वतःच्याच मंडळींबद्दल! माणसंही ते तशीच वाचतात. "सुरुंग चहूकडे नुसता ढकलतो. भूकंप कुठे ढकलतो, कुठे ओढतो. पहिल्या हिसक्यातच कळतं," असं समजावून, आंदोलनांसाठी पत्रकं लिहिणाऱ्या मला म्हणाले, "तुझी पत्रकं सुरुंग आहेत गं." मी ते कौतुकच समजले!

डोंगराकडच्या एका गावात दगडखाणीचे सुरुंग घरं हादरवत होते आणि खाणमालक म्हणत होता, भूकंप! सुरुंग थांबवायचे की नाही, ते तहसीलदारांसमोरच्या सभेत ठरणार होतं. गावाने अर्ज करून केंद्राच्या नोंदी मागवल्या; त्या घेऊन काकाच आले. अकरा धक्क्यांपैकी दहा सुरुंग! मी टाळीच वाजवली.

"आणि मंगळवारचा, शाळेची भिंत चिरली तो, खरा भूकंप."

"तेवढा वाचू नका ना, काका! सगळं घालवाल!"

"अगं, एक लपवला तर दहा कोण खरे मानेल?"

सभेत त्यांनी अकराही वाचले. मंगळवार आला तसा खाणमालक मोठ्याने हसला. मी हातातलं पत्रक चुरगाळलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली.

"हसतस कशाला रं? मंगलवारचा धरनीमायचा, त्यो आमी सोसू. बाकीचं धा तुजंच हाय. आता बोल!"

 ज्या कागदाने खाणमालकाला एक दिला, त्यानेच दहा त्याच्या गळ्यात घातले होते! चौकशी होईपर्यंत सुरुंग बंद, असा हुकूम तहसीलदारांनी तिथल्या तिथे दिला.

म्हातारीने आम्हाला चहाला घरी नेलं. चार वाजत आले, तशी तिने सवयीने फळीवरची भांडी उतरवून जमिनीवर मांडली. सुरुंगाची वेळ झाली. गेली.  मग तिने एकेक पातेलं पदराने पुसून परत वर ठेवायला घेतलं.

"आज नोंदवायला काही नाही," काका हळूच म्हणाले. निघावंसं मात्र आम्हा दोघांनाही वाटेना.