पैलवानाचा आवाज

तुरटीचा वास आला की मला पिंगळी स्टेशनाजवळचं ते सलून आठवतं. टीव्हीवर कुस्ती चालू होती आणि एकेकाळी गदा मारलेला, आता निवृत्त झालेला एक पैलवान तिचं वर्णन करत होता. बाकड्यावरचा एकजण म्हणाला, "पैलवान लय दिलदार. बोलतोय बी कसं मोकळं!" माझ्या गळ्याला साबण लागलेला होता, तरी मला राहवलं नाही. "कसला दिलदार? घमेंडी हाय. हरणाऱ्याची टिंगल करतोय नुसती." तेवढ्यात वस्तरा माझ्या घाटीवर थांबला. आरशात पाहिलं, तर सलूनवाला टीव्हीकडं टक लावून बघत होता आणि पातं माझ्या कातडीवर बारीक थरथरत होतं. हा त्या पैलवानाचा चाहता निघाला, आता माझं खरं नाही, असं वाटून मला आवंढाही गिळवेना. "खरं बोललाव तुमी," तो हळूच म्हणाला. "जिंतूरच्या फडात त्यानंच माझा हा हात मोडला. त्याचा आवाज ऐकला की असाच कापायलाय बघा." माझा जीव भांड्यात पडायच्या आत त्यानं माझी हनुवटी वर केली. "आता हलू नका." आणि त्याच हातातला वस्तरा पुन्हा चालू लागला. आता मी घरीच दाढी करतो. तरी टीव्हीवर तो आवाज आला की माझी हनुवटी आपोआप वर जाते आणि मी श्वास रोखून बसतो.