बाबांच्या खोलीसाठी जुनी लेन्स

अख्ख्या एल आल्तो शहरात झेनोबिया चोकेला लोक 'मागं जाणारी बाई' म्हणून ओळखतात. धंदा फोटोचा. लग्न असो की बारसं, इथल्या माणसांना फोटोत माणूस अख्खा लागतो, टोपीपासून बुटापर्यंत. पाय कापला गेला की संपलंच! "माझ्या आईला लंगडी केलीस" म्हणून भांडायला दारात हजर. त्यामुळं झेनोबिया कॅमेरा डोळ्याला लावते आणि मागं, अजून मागं सरकत राहते. एकदा अशीच वाजंत्र्यांच्या ढोलावर बसली, एकदा तर थेट नवरीच्या केकवर. फोटो मात्र दोन्ही वेळा झकास आला.

पण बाबांच्या खोलीत मागं जायला जागाच नव्हती. तिचे बाबा, हर्मोखेनेस, जन्मभर गवंडीकाम केलेले. सिमेंटची पोती दोन-दोन उचलायचे, खांदे असे की दारातून तिरपं होऊन आत यावं लागायचं. आता छातीच्या दुखण्यानं पार वाळून गेले होते. खिडकीखालच्या खाटेवर पडून समोरचा बर्फाचा डोंगर बघत राहायचे, आणि खाट तिथून तसूभर हलवू द्यायचे नाहीत.

"बाबा, खोली एवढीशी कशाला बांधलीत हो?" ती वैतागून म्हणायची.

"विटा संपल्या," म्हातारा म्हणायचा. बास, विषय संपला.

धाकटा भाऊ रेमिहियो साओ पाउलोहून शिवणकामातून सुट्टी काढून बायकापोरांसह आला होता. सोमवारी तो परत निघणार आणि पुन्हा येईल तेव्हा बाबा असतील की नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. सगळ्यांचा मिळून एक फोटो हवा होता, बाबांसकट. झेनोबियाची लेन्स होती अठराची. भिंतीला पाठ घासली तरी फोटोत खाट आली तर भाऊ जायचा, भाऊ आला तर खाट. लेन्सवरचा आकडा जितका लहान तितकी तिची नजर रुंद. झेनोबियाला दहाची हवी होती, आणि नवी घ्यायची ऐपत नव्हती.

म्हणून रविवारी सकाळी ती जुन्या बाजारात एपिफानियामावशीपुढं उकिडवी बसली. एपिफानिया कुलपं, इस्त्र्या आणि लेन्सा एकाच निळ्या ताडपत्रीवर मांडते. तिनं दहाच्या दोन लेन्सा पुढं सरकवल्या.

"ही घे पोरी. बघ कशी नवरीसारखी चमकतेय!"

झेनोबियानं मोबाइलची बॅटरी लावून आरपार पाहिलं. आत पांढरे, केसाहून बारीक धागे पसरलेले.

"मावशी, बुरशी लागलीय हिला. माझ्या लेन्सला पण लागेल."

"अगं बाई, डोळे आहेत की काय तुझे! मग ही घे."

दुसरीचा रंग उडालेला, कड चेपलेली. पण काच आतून निर्मळ, आणि कडं लोण्यासारखं फिरत होतं.

"हिचा एकच दोष. आपोआप काही करत नाही, प्रत्येक वेळी हातानं फिरवावी लागते," एपिफानिया म्हणाली. "माझ्या नवऱ्यासारखीच. पण तीस वर्षं चाललाय की!"

झेनोबियानं ती कॅमेऱ्याला लावली आणि समोरच्या विटांच्या भिंतीचा फोटो काढला. मधल्या विटा सरळ, कडेच्या मात्र लांबट. फोटोच्या कडेला एपिफानियाही आली होती.

"अगं ए, माझ्या तोंडाचा भोपळा केलास की!"

झेनोबिया हसली खरी, पण लगेच तिच्या ध्यानात आलं. खाट तर कोपऱ्यात. वडीलधाऱ्याला मधे बसवायचं हा रिवाज, आणि तिचे बाबा कडेला, तेही ओढून-ताणून विद्रूप झालेले! पण दुसरा उपाय नव्हता. चमकणारीच्या निम्म्या किमतीत सौदा ठरला. "वर काय देतेस?" असं विचारल्याशिवाय इथं कुणी उठत नाही. एपिफानियानं लेन्सला झाकण म्हणून जॅमच्या बाटलीचं झाकण दिलं. ते अगदी फिट्ट बसलं. मग दोघींनी जमिनीवर चार थेंब बिअर शिंपडली, नव्या वस्तूचं भलं व्हावं म्हणून.

दुपारी सगळे खोलीत कोंबले गेले. बाबांना उशीला टेकवून बसवलं, डोक्यावर टोपी चढवली. सूप त्यांनी अर्धंच पिऊन बाजूला सारलं होतं. झेनोबियानं कॅमेरा कपाटावर ठेवला, कडं फिरवून नीट बेतलं, आपोआप खटका पडायची वेळ लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा मागं न जाता पुढं धावली. बाबांच्या पायाशी बसली.

खटकन आवाज झाला. फोटो बघायची तिची छाती होईना. रेमिहियोनंच कॅमेरा उचलला. बघितलं आणि पुन्हा जवळ धरून बघितलं.

"काय रे? फार वाईट आलेत का बाबा?"

त्यानं कॅमेरा तिच्यापुढं धरला. सगळे आले होते, बुटांसकट. आणि कडेला बाबा. लेन्सनं त्यांना आडवं ताणलं होतं. खप्पड गाल भरले होते, खांदे रुंद झाले होते, तसेच, दोन पोती उचलणारे. तिच्या लहानपणी दारातून तिरपे होऊन आत येणारे बाबा खाटेवर बसले होते. झेनोबियाला रडू आवरेना.

"आण इकडं," म्हातारा म्हणाला. कॅमेरा डोळ्याशी धरून बराच वेळ बघत राहिला. "मी म्हणत नव्हतो? एवढा काही वाळलो नाहीये मी. तुम्हीच उगाच तोंडं पाडून फिरता. नाही का गं?"

झेनोबियानं पदरासारखी शालीची कड डोळ्यांना लावली.

"हो बाबा. कॅमेरा कशाला खोटं बोलेल?"

"मग ते सूप गरम करून आण," बाबा म्हणाले. "आणि बटाटे जरा जास्त घाल."