आधी एक उपकार

चार माणसं दर आठवड्याला एका सतरंजीवर बसली, की प्रार्थना किती जमा होतात ते देव जाणे, पण किस्से मात्र नक्की जमतात. काशीत आम्ही मराठी ख्रिस्ती म्हणजे मोजकी घरं. मी मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवायची. दर गुरुवारी संध्याकाळी पाळकसाहेबांच्या वऱ्हांड्यात आमची प्रार्थनासभा भरायची आणि प्रत्येकाने साक्ष द्यायची. म्हणजे आठवड्यात देवाने काय केलं, ते सगळ्यांसमोर सांगायचं.

पण आमच्या दाऊदमामांनी या साक्षीचं पार वाटोळं केलं! मामा मिशनच्या बंगल्यावर खानसामा होते, मूळचे नगरकडचे. त्यांच्या गुडघ्यात वात. साक्षीला उभे राहिले की गुडघा सुरू व्हायचा, मग काशीची थंडी, मग मडमेच्या जिभेला तिखट कसं चालत नाही, ते. कंदिलातलं तेल संपायचं, पण मामांचं गाऱ्हाणं संपायचं नाही.

शेवटी पाळकसाहेबांनी नियम केला. गाऱ्हाणं सांगायला हरकत नाही, पण आधी देवाचा एक उपकार सांगायचा.

पुढच्या गुरुवारी मामा उभे राहिले. म्हणाले, “देवाची कृपा, डावा गुडघा दुखत नाही. आता उजव्याचं ऐका.”

*

नियम पाळकसाहेबांनाही लागू होता, हे त्यांना जरा उशिरा कळलं.

एका गुरुवारी ते सहनशीलतेवर उपदेश करणार होते. चांगला चार कागद भरून लिहून आणलेला. प्रार्थनेसाठी डोळे मिटताना त्यांनी चष्मा काढून वऱ्हांड्याच्या कठड्यावर ठेवला. काशीत राहून ज्याने कठड्यावर वस्तू ठेवली, त्याच्यासाठी वेगळी प्रार्थना करायला हवी! डोळे उघडले, तर चष्मा समोरच्या कडुनिंबावर, एका माकडाच्या हातात.

साहेबांनी चणे दाखवले, काठी दाखवली, शेवटी वहाण भिरकावली. त्या माकडाला उद्देशून ते जे बोलले, ते त्या कागदांत कुठेही लिहिलेलं नसणार. मग घाम पुसत सतरंजीवर बसले आणि आपल्याच नशिबाला बोल लावू लागले.

मामा शांतपणे म्हणाले, “साहेब, आधी एक उपकार.”

साहेबांनी झाडावरच्या चष्म्याकडे नुसतं बोट दाखवलं. मामाच म्हणाले, “बरं, मी सांगतो. आज उपदेश वाचता येणार नाही.”

*

एका उन्हाळ्यात पटकीची साथ आली आणि माझी धाकटी लेक शांता गेली. त्या गुरुवारी मी सभेला गेले ती केवळ घरात बसवेना म्हणून. माझी पाळी आली तेव्हा मी सांगून टाकलं, की माझ्याकडे उपकार नाही, आणि असला तरी मला तो सांगायचा नाही. मी देवावर फार रागावले होते.

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. “आज नियम बंद,” एवढंच म्हणाले. देवाची इच्छा वगैरे कोणी बोललं नाही, त्याबद्दल मी त्या माणसांची अजून ऋणी आहे.

दुसऱ्या दिवसापासून दाऊदमामा दुखरा गुडघा ओढत रोज खिचडी घेऊन यायचे. मी गिळायची. चव म्हणून लागायची नाही. असे बरेच दिवस गेले, आणि एका दुपारी घास तोंडात घातला तर मला म्हणावंसं वाटलं, मामा, आज खिचडी करपलीय. म्हटलंही. मामा इतके खूश झाले, की मला वाटलं यांचं डोकं फिरलं.

पुढच्या गुरुवारी साक्षीला मी तेच सांगितलं. खिचडी करपली होती, आणि ते मला कळलं.

*

पण या नियमात खरी तरबेज होती ती सगुणाबाई. ती मिशनच्या दवाखान्यात नर्स. माहेर दूधविनायकच्या गल्लीतलं, वैदिकाचं घर. लहानपणी विधवा झाली, पुढे दवाखान्यात काम शिकली, बाप्तिस्मा घेतला, आणि त्या दिवसापासून आई तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. आईने एकदा हाक मारावी, एवढीच तिची प्रार्थना. आम्हीही दर गुरुवारी तीच करायचो.

दर रविवारी उपासना आटोपली की ती त्या गल्लीत जाऊन आईच्या खिडकीखाली थोडा वेळ उभी राहायची. दार वाजवायची नाही. कोपऱ्यावरचा दूधवाला म्हणायचा, “बहिनजी, भीतर काहे नाहीं जातीं?” ही म्हणायची, बोलावलं की जाईन.

आणि गुरुवारी तिची साक्ष! “मला पाहून आईनं खिडकी लावली. म्हणजे आधी ती उघडी होती.”

एकदा वरून तांब्याभर पाणी आलं. ओलीचिंब होऊन परतली. साक्षीला म्हणाली, “ऊन फार होतं. आणि नेम बघा, आईची नजर अजून चांगली आहे.”

आम्ही हसलो. तीही हसली. मग डोळे मिटल्यावर मात्र तिचे खांदे हलत होते, ते मी पाहिलं.

*

त्यानंतर एकदा सगुणाबाईला मलेरियाने धरलं. रविवारी तिला अंथरुणातून उठता आलं नाही. गुरुवारी कशीबशी आली आणि शाल पांघरून भिंतीला टेकून बसली.

सभा सुरू होतेय तोच फाटकाशी एक्का थांबला. त्यातून विधवेचं लाल आलवण नेसलेल्या एक वृद्ध बाई उतरल्या, हातात स्वतःचा पाण्याचा तांब्या. सगुणाबाईचा चेहरा पांढराफटक पडला, त्यावरून आम्ही ओळखलं, ही तिची आई. म्हातारी वऱ्हांड्यात चढली नाही. पायरीवर, आमच्या सतरंजीपासून हातभर दूर बसली. पाळकसाहेबांकडे बघून म्हणाली, “इथले मुखिया तुम्हीच ना? मला एक शिकायत आहे.”

पाळकसाहेब इतके गडबडले, की सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, “आजी, इथं आधी एक उपकार सांगावा लागतो.”

मामांनी कपाळावर हात मारला.

शालीत गुरफटलेल्या लेकीकडे म्हातारीने खूप वेळ पाहिलं.

“उपकार हा,” ती म्हणाली, “की सगू जिवंत आहे. आता शिकायत ऐका. रविवारी दिवसभर खिडकीत बसून माझी मान अकडली.”